धोतराचं भूत आणि पोर्चचा दिवा

हॅलोविनला पोरं सोंगं घेऊन, 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणत दारोदार चॉकलेटं मागतात, पण आमच्या घरी कुणी फिरकत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. संध्याकाळी साडेपाचपासून मी दाराच्या आत खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर गोळ्या-चॉकलेटांनी भरलेलं पातेलं. आठ वाजले तेव्हा पातेलं भरलेलं तसंच होतं आणि त्यातली चार चॉकलेटं कमी झाली होती ती मीच खाल्ली म्हणून.

अमेरिकेत पार्सिपनीजवळच्या त्या गल्लीत घर घेऊन आम्हाला तेव्हा चार महिने झाले होते. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. नवरा एका कंपनीत कंप्युटरचं काम करायचा, मुलगी तिसरीत होती आणि मी घरी होते. 'घरी होते' हे आज मी सहज लिहिते, पण तेव्हा कुणी हे दोन शब्द उच्चारले की माझं पित्त खवळायचं. पुण्यात मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता, चार वर्षं एका कारखान्यात रेडिओचे सर्किट बोर्ड तपासले होते. इथे अर्ज टाकला की ठरलेलं उत्तर यायचं, अमेरिकेतला अनुभव नाही. अहो, नाही तर द्या की! दिल्याशिवाय तो येणार कुठून? असं दोन वर्षं चाललं होतं.

तर त्या संध्याकाळी मुलगी उशीची खोळ भरून घरी आली. गल्लीतल्या यच्चयावत घरांची चॉकलेटं त्यात होती. पातेल्याकडे बघून तिने विचारलं, "नोबडी केम?"

"नाही गं बाई. एक कुत्रंसुद्धा नाही."

"ओह," ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली. त्या 'ओह'मध्ये मला दुःख ऐकू आलं. आपल्या घरी कुणी येत नाही म्हणून पोरीचं मन खट्टू झालं, असं मी धरून चालले, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी कारण शोधलं. समोरच्यांच्या अंगणात थडगी होती, शेजाऱ्यांच्या खिडकीत सांगाडा होता, पलीकडे झाडाला कोळ्याची जाळी लटकत होती. आमच्या दारात एक भोपळा होता, तोही न कोरलेला, आणि दुसऱ्या दिवशी मी तो घारगे करायला आत नेला. पाणचट निघाला मेला. म्हटलं, बरोबर आहे, अशा घरी कोण येईल? पुढच्या वर्षी या गल्लीतलं एकेक पोर आपल्या दारात येऊन किंचाळलं पाहिजे. मी अगदी इरेला पेटले.

यात मी काही नवशिकी नव्हते. पुण्यात आमच्या गल्लीचं मंडळ गणपतीत हलता देखावा करायचं. मुलींना मंडपात काम म्हणजे आरतीची तबकं घासणं. मी भांडभांड भांडून वायरिंगमध्ये शिरले. एका वर्षी राक्षसाचे डोळे माझे होते, पुढच्या वर्षी कालियाचा फणा माझा. फणा डोलला तेव्हा गर्दीतून जो 'ओऽऽ' निघाला तो ऐकून मी दोन दिवस जेवण विसरले होते. नवऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. तो म्हणाला, "अगं, मग त्यांच्या भुताला गणपतीसारखं हलव की."

"चेष्टा करू नका," मी म्हटलं. "हलवणारच आहे."

पुढच्या सप्टेंबरात जेवणाच्या टेबलावर माझं बस्तान बसलं ते सहा आठवडे उठलं नाही. आम्ही तिघं ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. मॉलमध्ये सुट्या पार्टांचं एक दुकान होतं, तिथे माझ्या चकरा सुरू झाल्या. पहिल्या दिवशी काउंटरवरचा माणूस मला रेझिस्टरची कुठली बाजू कुठे लावायची ते समजावायला लागला. बाबा रे, रेझिस्टर उलटा लावला काय नि सुलटा लावला काय, त्याला काही फरक पडत नाही, हे मी मनात म्हटलं. तोंडाने 'थँक यू' म्हटलं आणि रस्ताभर स्वतःवर चडफडत आले.

भूत असं होतं. दाराजवळ पत्र्याचा कचऱ्याचा डबा. त्यात भंगारवाल्याकडून आणलेली गाडीच्या वायपरची मोटर. मोटर फिरली की तिच्या दांड्याने डब्याचं झाकण उडायचं आणि आतलं भूत पाच फूट वर यायचं. अंगणातून दाराकडे येणाऱ्या वाटेच्या एका बाजूला झुडपात टॉर्च, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा इवलासा सेन्सर. पोर मध्ये आलं की उजेड तुटतो, मोटर चालू करणारा रिले खट् करतो, भूत उठतं. भुताचे डोळे म्हणजे दोन लाल एलईडी. आणि भुताचं अंग म्हणजे नवऱ्याला लग्नात मिळालेलं धोतर.

"अगं, ते जरीकाठी आहे!" नवरा ओरडला.

"काठ आत दुमडलाय. आणि तुम्ही ते कधी नेसणार होतात? सोमवारी ऑफिसला?"

त्यावर त्याने हात टेकले. पुढे मात्र त्यानेच रविवारी गॅरेजमध्ये बसून मला दांडा वाकवून दिला, हेही सांगायला हवं.

मुलगी या सगळ्यात नव्हती. टेबलाजवळून जाताना ती बघायची, पण विचारायची नाही. मला वाटायचं, सरप्राइज म्हणून मुद्दाम विचारत नाही. तिला चेटकीण व्हायचं होतं, कारण तिच्या तिन्ही मैत्रिणी चेटकिणी होणार होत्या. मी म्हटलं, तुझ्या झग्याला लाल दिवे लावते, चमकतील. "नो लाइट्स, आई." मी म्हटलं, बरं, फक्त टोपीला. ती "नो" म्हणाली. मी म्हटलं, अगं, सगळ्यांत उठून दिसशील. त्यावर ती आणखी मोठ्याने "नो" म्हणाली. तीन दिवस आमची घासाघीस झाली. शेवटी ती म्हणाली, "ओके. पण स्विच पाहिजे."

"स्विच कशाला?"

"जस्ट."

मला उलट कौतुक वाटलं. म्हटलं, पोरगी माझ्यावर गेली, स्विचचा विचार केला. टोपीच्या काठाला अकरा एलईडी, आतून नऊ व्होल्टची बॅटरी, कानाजवळ बारीक स्विच. लुकलुकायला लागली तेव्हा फार सुंदर दिसत होती ती टोपी.

एकतीस ऑक्टोबरला पाच वाजता मुलगी मैत्रिणींकडे गेली. त्यांच्यातल्या एकीची आई सगळ्यांना फिरवणार होती. अंधार पडला तसा मी पोर्चचा दिवा घालवला. हॉलचा घालवला. वरच्या खोल्यांचेही घालवले. का? अहो, देखावा असाच सुरू होतो! आधी मंडपातले सगळे दिवे जातात, गर्दी चिडीचूप होते, मग पडदा सरकतो. हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं होतं. शिवाय सेन्सरलाही अंधारच हवा होता. पोर्चचा दिवा त्याच्यावर पडला की मधला टॉर्चचा उजेड तुटल्याचं त्याला कळतच नसे.

नवरा अंधारात पातेलं घेऊन बसला. "मी काय करायचं?"

"गप्प बसायचं. किंकाळी ऐकू आली की दार उघडायचं."

मी खिडकीशी उभी राहिले. पोरांचे घोळके यायला लागले. शेजाऱ्यांकडे गेले, आमच्या अंगणापाशी आले आणि सरळ पुढे गेले. दुसरा घोळका आला. तोही पुढे गेला. एक फुलपाखरू आमच्या वाटेवर दोन पावलं आलं, तर त्याच्या आईने त्याला मागे ओढलं. साडेसहा वाजले. मग डोक्यात नको नको ते यायला लागलं. आपण इंडियन म्हणून? आपल्या घराला फोडणीचा वास येतो म्हणून? एवढं सहा आठवडे खपले, त्याची या लोकांना काडीचीही किंमत नाही? मला संताप आला होता.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला लाल ठिपके दिसले. माझी टोपी! चार चेटकिणी येत होत्या आणि त्यातली एक लुकलुकत होती. म्हटलं, आली बाई एकदाची, आता आणेल ती मैत्रिणींना. शेजाऱ्यांच्या दारातून त्या बाहेर पडल्या, आमच्या अंगणाच्या कडेशी आल्या आणि टोपी विझली.

आधी वाटलं, माझं सोल्डरिंग सुटलं. चार वर्षं दुसऱ्यांचे कच्चे टाके पकडले आणि घरच्या टोपीत माझाच टाका कच्चा राहिला! मी स्वतःला शिव्या घालत होते. चेटकिणी आमचं अंगण ओलांडून गेल्या. पलीकडच्या घराच्या वाटेवर वळल्या. आणि टोपी पुन्हा लुकलुकायला लागली.

कच्चा टाका असं वागत नाही. ते मला कळत होतं.

मी चपला घातल्या आणि तडक रस्त्यावर गेले. समोरून एक गृहस्थ भोपळा झालेल्या छोट्या मुलीला कडेवर घेऊन येत होते. मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही आमच्या घरी का येत नाही?" ते बिचारे दचकलेच. मग म्हणाले, "मॅडम, तुमचा दिवा बंद आहे. पोर्चचा दिवा बंद असला की त्या घराची बेल वाजवायची नाही, असं आहे. म्हणजे घरी कुणी नाही, किंवा त्यांना नको आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. तिथेच, रस्त्यावर. पुण्यात दिवा गेला की माणसं जवळ सरकतात, इथे लांब जातात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "थांबा, जाऊ नका, आत्ता लावते," मी त्यांना म्हटलं. पण माझे पाय घराकडे वळले नाहीत. ते लाल दिव्यांकडे वळले.

मुलीला मी पलीकडच्या घराच्या वाटेवर गाठलं. "इकडे ये." ती आली. मैत्रिणी आणि त्यांना फिरवणारी आई पुढच्या दाराकडे गेल्या.

"दिवा बंद असला की येत नाहीत, तुला माहीत होतं?"

"एव्हरीबडी नोज," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"गेल्या वर्षीही माहीत होतं?"

मला एकदम आठवलं, गेल्या वर्षी दिवा लागलेला होता. मीच लावला होता तो, अंधार पडला म्हणून. "गेल्या वर्षी दिवा कुणी घालवला?"

"मी. जाताना." मग तिचा बांध फुटला. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, सगळं एका दमात. गेल्या वर्षी उन्हाळ्याआधी एक मैत्रीण आपल्या जवळच्या जुन्या घरी आली होती तेव्हा तू तिला मॅथ्समध्ये किती मार्क पडतात ते विचारलंस. मग 'एवढेच?' म्हणालीस. ती नो थँक यू म्हणाली तरी तिला शेंगदाण्याचा लाडू खायला लावलास, दोन लावलेस. तिने वर्गात सगळ्यांना सांगितलं. मला नको होतं कुणी यायला. या वर्षी मी दिव्याला हातही लावला नाही, तूच घालवलास. "अँड यू मेड ऑल धिस फॉर यू, आई. मी नव्हतं मागितलं. आय सेड नो!"

माझा हात शिवशिवला, खोटं कशाला सांगू? एवढीशी नऊ वर्षांची पोर, आणि मला रस्त्यात उभं करून बोलते! पण ती बोलली ते खरं होतं. तिने काहीही मागितलं नव्हतं. तीन वर्षं मला कुणी काम दिलं नाही म्हणून ते मी स्वतःच स्वतःला दिलं होतं आणि वर तिचं नाव घातलं होतं. हे मला त्या फुटपाथवर कळलं आणि फार लागलं.

तरी मी मागे हटणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, "ऐक. मी दिसणार नाही. माझा आवाजही येणार नाही. लाडू नाही, मार्क नाही. पण आपल्या घराचा दिवा आता लागणार. घर काही लपवायची गोष्ट नाही. तू ये नाहीतर नको येऊस."

तिने नाक पुसलं, "प्रॉमिस?" म्हणाली. मी "प्रॉमिस" म्हटलं. ती मैत्रिणींच्या मागे पळत गेली. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही.

मी घरी येऊन दिवा लावला. भोपळावाले गृहस्थ खरंच थांबले होते. ते वाटेवरून आले, चॉकलेट घेतलं, गेले. भूत ढिम्म. साहजिकच होतं, पोर्चच्या उजेडात सेन्सर आंधळा झाला होता. घड्याळात सात. आठनंतर गल्लीत कुणी नसतं. सेन्सरला उजेडापासून आडोसा करायचा, पुन्हा जमवून घ्यायचा, म्हणजे तासभर तरी गेला असता.

"आता?" नवऱ्याने विचारलं.

"आता सेन्सर मी."

सेन्सरच्या दोन्ही वायरी तोडल्या, त्यांना लांब वायर जोडली, खिडकीच्या फटीतून आत घेतली आणि टोकाला दारावरच्या बेलचं एक जादा बटण होतं ते लावलं. वीस मिनिटं. हात थंडीने काकडले होते, तरी एक टाका चुकला नाही. मग मी हॉलमधला दिवा घालवून खिडकीखाली फरशीवर मांडी ठोकून बसले, पडद्याच्या कडेतून एक डोळा बाहेर.

दोन चाचे लोक आले, तलवारी घेऊन. मी एक, दोन, तीन मोजलं आणि बटण दाबलं. झाकण उडालं, धोतर वर आलं, डोळे पेटले. चाच्यांनी अशी किंकाळी फोडली की समोरच्या घरातल्या बाई बाहेर आल्या! ते रस्त्यापर्यंत पळाले, तिथे खिदळले आणि परत आले, पुन्हा एकदा घाबरायला. पाच मिनिटांत आमच्या वाटेवर रांग लागली. मी तोंडावर पदर धरून हसत होते. कित्येक वर्षांत एवढी हसले नव्हते. आणि मध्येच थांबून रस्त्याकडे बघत होते.

पावणेआठला त्या आल्या. तिघी धावत वाटेवर शिरल्या. माझी मुलगी रस्त्याच्या कडेलाच थांबली. मी बटण दाबलं. तिघी किंचाळल्या, एकमेकींना धरून हसायला लागल्या. नवरा नेमका आत पातेलं भरायला आला होता. दारात कुणी नव्हतं.

"धिस इज सो कूल," एक म्हणाली. "कुणाचं घर आहे हे?"

माझा अंगठा बटणावर होता. मी वचन दिलं होतं. खोकायचं नाही, उठायचं नाही.

मुलगी रस्त्यावर उभी होती. मग ती वाटेवर आली. सावकाश, डब्यापर्यंत. "इट्स माइन," ती म्हणाली. आणि थोडी थांबून, "माय मॉम मेड इट."

त्यांनी विचारलं, आपण आलो हे भुताला कळतं कसं? तिने वायर बघितली. वायर कुठे जाते ते बघितलं. खिडकीपाशी येऊन ती काचेला तोंड लावून म्हणाली, "आई, कम आउट."

मी उठले नाही. अजून राग होता थोडा. "मी प्रॉमिस केलंय," मी आतून म्हटलं.

"शी कांट," ती मैत्रिणींकडे वळून म्हणाली. "मीच तिला सांगितलं, लपून राहा. आय टोल्ड हर टु हाइड."

हे तिने स्वतःहून सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. मग मात्र मला बसवेना.

मी दार उघडून बाहेर गेले. साडी चुरगळलेली, बोटांना सोल्डरचा वास. लाडूवाली मैत्रीण मला बघून एक पाऊल मागे सरकली. मी तिला काही विचारलं नाही. जीभ दाताखाली धरली होती. बटण तिच्या हातात दिलं, खिडकीजवळ उभं केलं आणि कधी दाबायचं ते सांगितलं.

"पण आता येणार कोण?" ती म्हणाली. गल्ली रिकामी व्हायला लागली होती.

माझ्या मुलीने इकडे तिकडे बघितलं आणि ती पळत रस्त्यापर्यंत गेली. तिथून वळली. दोन वर्षांत गल्लीतल्या प्रत्येक दाराशी ती गेली होती, एक आमचं सोडून. आता ती दिव्याच्या उजेडात आमच्या वाटेवरून चालत आली. भूत उठलं. सहा आठवडे ते तिच्या ताटाशेजारी पडलेलं होतं, तरी ती खरीखुरी किंचाळली. दार उघडंच होतं, मी दारातच होते, तरी तिने बेल वाजवली.

"ट्रिक ऑर ट्रीट," ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, आणि उशीची खोळ दोन्ही हातांनी माझ्यापुढे उघडी धरली.